बीगल पळताना दर पन्नास पावलांवर थांबतो: कारणं आणि उपाय

घरातून निघताना उड्या, पहिले दोनशे मीटर सुसाट. मग विजेचा एखादा खांब, उभ्या गाडीचं चाक किंवा गटाराचं झाकण येतं आणि कुत्रा जागच्या जागी खिळतो. नाक जमिनीला, पाय रोवलेले, हाकेला ओ नाही. दोरी ओढली तर मान खाली घालून तो आणखी जोर लावतो, सैल सोडली तर थेट कुंपणात घुसतो. अर्ध्या तासात दोन किलोमीटर जेमतेम होतात आणि पळणाऱ्याची कंबर तेवढी धरते.

बीगल आणि बीगल-मिश्र कुत्र्यांबाबत ही तक्रार कायमची आहे. खालचे उपाय त्यांच्यासाठी, म्हणजे वासावर चालणाऱ्या हाउंडसाठी (शिकारी कुत्र्यांसाठी) आहेत. कारवानी, मुधोळ, रामपूर हे नजरेवर पळणारे; त्यांना मांजर दिसलं की अडचण सुरू होते, आणि तिचे उपाय वेगळे. बासेट आणि डॅक्सहुंड हेही नाकाचे शौकीन, पण आखूड पाय आणि लांब पाठ असलेल्या या कुत्र्यांना किलोमीटर मोजत पळवूच नये. त्यांना निवांत लांब फिरवावं.

आधी एक प्रश्न: हे थांबणं जुनं आहे की नवं?

पहिल्या दिवसापासून थांबत असेल तर हा भाग वाचून पुढे जा. पण महिनोन्‌महिने नीट पळणारा कुत्रा गेल्या आठ-पंधरा दिवसांतच मागे पडायला किंवा बसकण मारायला लागला असेल, तर दोष नाकाचा नाही. तेव्हा शिकवणीच्या फंदात न पडता अंग तपासा.

सगळ्यात आधी मान. मणक्यातल्या चकत्या लवकर खराब होणाऱ्या जातींत बीगल येतो, आणि त्याच्यात मानेच्या चकतीचा त्रास विशेष दिसतो. मान खाली आणि ताठ धरणं, भांडं जमिनीवर असेल तर खायला टाळाटाळ, सोफ्यावर चढायला नको म्हणणं, उचलताना एकदम केकाटणं ही त्याची लक्षणं. यातलं एकही दिसलं तर पळणं त्याच दिवसापासून बंद आणि डॉक्टरकडे. कुत्रा दोन वर्षांच्या आतला असेल आणि मान दुखण्यासोबत तापही असेल, तर मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. बीगलमध्ये हा आजार ओळखीचा आहे आणि तो घरगुती उपायांनी जात नाही.

मग हिरड्या. ओठ वर करून पाहा. गुलाबी असायला हव्यात. फिकट असतील, अंग कढत असेल, लघवी गडद होत असेल तर गोचीडताप धरून चाला आणि रक्त तपासून घ्या. महाराष्ट्रात हा वर्षभर असतो आणि पावसाळा सरता सरता वाढतो. गोचीड अंगावर सापडली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ती चावून गळून गेलेली असते.

पंजे, बोटांमधल्या फटी आणि नखं पाहायला दोन मिनिटं पुरतात. उभं राहिल्यावर नख फरशीला टेकत असेल तर ते कापायला झालेलं आहे.

आणि वजन. चांगल्या बांध्याचा बीगल साधारण ९ ते ११ किलोचा असतो, मोठ्या हाडापेराचा १३ पर्यंत. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या दाबल्याशिवाय मोजता आल्या पाहिजेत. फ्लॅटमधले कितीतरी बीगल याच्या बरेच पुढे गेलेले असतात, कारण ते खायला कधीच नाही म्हणत नाहीत आणि घरात प्रत्येक जण आपापल्या ताटातलं एकेक घास देतो. अशा कुत्र्याला आधी चालवून उतरवा, पळवणं नंतर. वयाचंही तसंच: सलग पळणं वर्षभराच्या आत नको, कारण तोवर हाडांची वाढीची टोकं पक्की झालेली नसतात.

नाक का जिंकतं

बीगल इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी घडवला गेला, आणि ती शिकार पायी चालायची. कुत्र्यांची टोळी माग काढत पुढे, माणसं धापा टाकत मागे. म्हणजे माणसांबरोबर पळण्याचा वारसा त्याच्याकडे आहेच; फक्त दिशा आणि वेग तो ठरवायचा. मालकाकडे वळून वळून बघणाऱ्या लॅब्रॅडॉरकडून जी अपेक्षा ठेवता येते ती इथे सुरुवातीलाच ठेवली, तर दोघांचीही चिडचिड होते. हाकेकडे दुर्लक्ष करणं हे त्याच्या जातीचं काम होतं.

नाकाचं यंत्रही समजून घ्यायला हवं, कारण उपाय त्यावरच बेतलेला आहे. बीगलच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे २२ कोटी असतात असं मानतात. माणसात त्या ५० ते ६० लाखांच्या घरात. हुंगताना कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा छोटे श्वास ओढतो. मात्र तोंड उघडून धापा टाकत असताना हे नीट जमत नाही. जोरात धाप लागलेली असताना बारीक वास वाचता येत नाही आणि बारीक वास वाचताना धाप आवरावी लागते. त्यामुळे ओढ लावणारा वास आला की त्याला थांबावंच लागतं.

यातूनच पुढचं निरीक्षण उलगडतं: पहिला किलोमीटर सगळ्यात वाईट जातो. तेव्हा त्याला धाप लागलेली नसते, नाक पूर्ण उघडं असतं आणि रात्रभरात गल्लीत कोण कोण येऊन गेलं ते सगळं न वाचलेलं असतं. दहा-बारा मिनिटांनी लय लागली की तोच कुत्रा बराच सरळ पळतो. बहुतेक लोक नेमके त्याच्या आधी वैतागून घरी परततात.

कुठे थांबतो, ते आधी लिहून काढा

तीन दिवस त्याच रस्त्याने जा आणि थांबे फोनमध्ये टिपा. त्यांचे चार गट पडतील.

सुरुवातीच्या दहा मिनिटांत सगळीकडेच थांबत असेल, तर पळण्याआधी त्याला हुंगायला वेळ मिळालेला नाही.

ठरलेल्या खांबांवर, कोपऱ्यांवर, सोसायटीच्या फाटकांवर थांबत असेल, तर ती बहुधा गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दीची टोकं आहेत. एका टोळीची खूण, तिच्यावर दुसऱ्या टोळीची खूण. तुमचा बीगल तिथे अडकतो आणि नेमकी तिथेच भांडणंही होतात, म्हणून असे कोपरे पळत ओलांडू नका. दहा पावलं आधीच चालीवर या, हद्द चालत पार करा, मग पुन्हा पळा. पळणारा कुत्रा दिसला की टोळी मागे लागते. चालणाऱ्याला ती सहसा भुंकून सोडते.

दोन-तीन किलोमीटरनंतर कुठेही थांबत असेल, तर तो दमलाय किंवा तापलाय. त्या दिवशी तिथेच थांबा.

झुडपांची कड, नाला, कचराकुंडी, चिकनच्या दुकानामागचा बोळ इथे ओढत असेल, तर तिथे उंदीर, घूस, मुंगूस, मांजर किंवा खाणं आहे. हा गट सगळ्यात अवघड. त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

टिपण झालं की रस्ता बदला. वास साठतो तो कडेला: भिंतीचा पाया, फुटपाथची कड, कुंपण, गटार. थंड हवा खाली बसते आणि वास घेऊन खोलगट जागी मुरते. तेव्हा मैदान, मोकळ्या लेआउटमधला रुंद रस्ता, कालव्याच्या कडेचा मातीचा रस्ता अशी जागा निवडा, जिथे कडेपासून दोन मीटर आत राहून पळता येईल. त्याहून चांगली युक्ती म्हणजे ४०० ते ६०० मीटरची एकच फेरी ठरवून घेणं. पहिली फेरी चालत, मनसोक्त हुंगत. दुसरीपासून पळायचं. एकदा वाचून झालेल्या रस्त्याची ओढ बरीच उतरते. लांब, सरळ, रोज नवा रस्ता माणसाला आवडतो, पण हाउंडसाठी तो सगळ्यात वाईट.

दोरी, हार्नेस, कमरपट्टा

गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून बीगलला पळवू नका. चकतीचं कारण वर आलंच आहे: कुत्रा एकदम खिळतो, माणूस वेगात पुढे जातो आणि सगळा हिसका मानेवर बसतो. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा येणारा हार्नेस घ्या, ज्यात खांदे मोकळे हलतात. खांद्यावरून आडवा पट्टा जाणारा हार्नेस पाऊल आखूड करतो. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, तिसरं नको. बीगलची कातडी सैल असते आणि मागे सरकत हार्नेसमधून निसटण्यात तो पटाईत असतो, म्हणून हार्नेसची कडी आणि गळ्यातला पट्टा यांना जोडणारा एक छोटा सुरक्षा-पट्टा लावा. त्यावर ताण यायला नको. हार्नेस निघालाच तर तेवढाच धरून ठेवेल.

दोरी बंजीची, म्हणजे मध्ये ताणला जाणारा तुकडा असलेली. न ताणता १.२ ते १.५ मीटर, ताणल्यावर २ मीटरच्या आसपास. खरेदी करताना वजनाचा गट बघा: ३०-४० किलोच्या कुत्र्यासाठी बनवलेली बंजी १० किलोच्या बीगलने ताणलीच जात नाही, मग ती साधी दोरीच झाली. आपोआप गुंडाळणारी दोरी पळताना अजिबात नको. तिच्या बारीक नाड्याने पिंढरी कापते, आणि हातातून सुटली तर प्लॅस्टिकची मूठ खडखडत मागे येते म्हणून कुत्रा आणखी घाबरून पळतो.

कमरपट्टा म्हणजे दोरी अडकवायला पळणाऱ्याने स्वतः बांधायचा पट्टा; नावाला कमरेचा. तो बांधायचा कंबरेच्या हाडांवर, खाली. पोटावर चढला की प्रत्येक हिसका पाठीच्या खालच्या भागात जातो. पट्टा एका झटक्यात सुटेल असं बक्कल हवं. रस्त्यात कुत्र्यांची झुंज लागली तर ते लागतं.

पळताना दोरी कमरेला, हुंगताना हातात हा फरक पहिल्या दिवसापासून पाळा. बीगल शब्दाआधी वस्तू ओळखायला शिकतो. कमरपट्ट्याचं बक्कल वाजलं की पळायचं, दोरी हातात आली की नाक मोकळं, हे त्याच्या लवकर लक्षात येतं.

मुख्य उपाय: तो थांबण्याआधी तुम्ही थांबा

कुत्रा पाय रोवतो, तुम्ही वैतागून थांबता, तो हुंगतो. त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे: पाय रोवले की हुंगायला मिळतं. तुम्ही रोज हीच शिकवणी घेत असता. ती उलटवायची, तर हुंगण्याची सुटी तो मागायच्या आत, त्याने पळून कमावलेली म्हणून द्यायची. खाऊने हे काम होत नाही, कारण ताज्या वासापुढे बिस्किटाला किंमत नाही. वासाची मजुरी वासातच चुकवावी लागते.

शब्द दोन ठरवा. "चल" म्हणजे पळायचं, "हुंग" म्हणजे सुटी. दुसरे कुठलेही शब्द चालतील, पण घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. आजोबांनी "चला हो राजे" आणि नातीने "कम ऑन" म्हटलं की शिकवणी पुन्हा पहिल्या पायरीवर.

बाहेर पडल्यावर १० ते १२ मिनिटं दोरी हातात, चाल संथ, नाकाला मोकळीक. शी-शू इथेच उरकते. ही मिनिटं वाया गेली असं वाटलं तरी कापू नका. बहुतेक घरांत अडचण इथेच असते.

मग कमरेला दोरी लावा, "चल" म्हणा आणि ३० सेकंद पळा. किलोमीटरला साडेसहा ते आठ मिनिटांचा वेग ठेवा. याहून संथ गेलात तर कुत्रा चालीवर येतो आणि नाक आपोआप खाली जातं. अर्धवट जॉगिंग हे सतत थांबण्याचं एक कारण आहे, त्यामुळे वेग थोडा वाढवल्यावरच बरेच थांबे कमी होतात. ३० सेकंद झाले की तो सरळ पळत असतानाच हळू व्हा, दोरी कमरेवरून सोडवून हातात घ्या, "हुंग" म्हणा आणि त्याला कडेला स्वतः घेऊन जा. ३० सेकंद पूर्ण सुटी. फोन बघत उभे राहा, दोरी ओढू नका. मग पुन्हा कमरेला, "चल". असे आठ पल्ले. पहिल्या आठवड्यात एवढंच, एक दिवसाआड.

पाचपैकी चार पल्ले न रोवता झाले की पळण्याचा वेळ वाढवा: ४५ सेकंद, १ मिनिट, दीड, २, ३, ४ मिनिटं. सुटी ३० सेकंदांवरून फार तर मिनिटभर करा. एखाद्या पायरीवर दोन दिवस अडलं तर एक पायरी खाली या. अधूनमधून अगदी छोटा पल्लाही द्या, नाहीतर प्रत्येक पल्ला आधीच्यापेक्षा कठीण होतो आणि पळण्याचा उत्साह मावळतो. साधारण दीड-दोन महिन्यांत बरेच कुत्रे तीन-चार मिनिटं सलग पळून एक मिनिट हुंगण्याच्या लयीत येतात. तिथे थांबायलाही हरकत नाही. या लयीत चार-पाच किलोमीटर आरामात होतात, आणि बीगलला आठवड्यातून तीनदा तेवढं पुरतं.

खाऊ लागतो तो एकाच कामासाठी: पळताना त्याने स्वतःहून मान वर करून तुमच्याकडे पाहिलं तर, त्याच क्षणी. वाटाण्याएवढे १० ते १५ तुकडे, वासाचे असले पाहिजेत. उकडलेलं चिकन, मीठ न लावलेली सुकट, थोडी उकडलेली कलेजी. तेवढं जेवणातून वजा करा. जेवण आणि पळणं यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

तरी पाय रोवलेच तर

ओढू नका आणि नाव घेऊन दहा हाका मारू नका. प्रतिसाद न मिळणारी प्रत्येक हाक पुढच्या हाकेची किंमत कमी करते. थांबा. दोरी आखूड धरून हात कमरेला टेकवा, म्हणजे तो आणखी आत घुसणार नाही. त्याच्याकडे न बघता उलट दिशेला अर्धवर्तुळात तीन-चार पावलं चाला. दोरी सैल झाली की "चल", १०-१५ पावलं पळा, आणि मग ताबडतोब "हुंग". शक्य असेल तर ज्या जागेवर अडला होता तिथेच परत नेऊन. वास तोच, जागा तीच, पण आता तो पळून मिळालेला आहे.

एकाच फेरीत तीन-चारदा असं झालं तर पल्ला त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्या दिवशी निम्मा करा.

आडवा येतो, पायात येतो

सहसा दोरी लांब असते आणि बाजू ठरलेली नसते. रहदारीच्या विरुद्ध बाजू त्याची, मध्ये तुम्ही. दोरी कमरपट्ट्याच्या पुढच्या कडीऐवजी त्या बाजूच्या कडीला लावा, आणि बाजू बदलून तो पुढून आला की लगेच चालीवर या. पळत पळत ओढून परत आणण्याच्या नादात माणसं पडतात. एक आठवडा फक्त चालताना, त्या बाजूच्या मांडीजवळ खाऊ देत राहिलं की बाजू पक्की होते.

ताजा माग लागला, तर

हे ओळखायला सोपं आहे. शेपूट ताठ उभी, तिच्या टोकाची पांढरी झुलूप थरथरते, पाठ सरळ होते, आणि घशातून तो लांब, गळा काढल्यासारखा आवाज येतो. ही अवस्था खांब हुंगण्याहून वेगळी आहे. इथे शब्द पोहोचतच नाहीत. पळू नका, कारण दोघांचा जोर एका दिशेला लागला की तुम्ही त्याच्या शिकारीत सामील झालात. दोरी आखूड, पाय फाकवून उभे राहा, १५-२० सेकंद जाऊ द्या. आवाज थांबून कान हलला, डोकं वळलं की लगेच उलट दिशेला निघा. त्या रस्त्याचा उरलेला भाग त्या दिवशी सोडा.

टेकडीवर किंवा समुद्रकिनारी "आमचा येतो परत" म्हणून दोरी सोडणं बीगलच्या बाबतीत जुगार आहे. चार वर्षं परत आलेला कुत्रा पाचव्या वर्षी मुंगसामागे हायवे ओलांडतो.

ही ओढ दाबून संपत नाही, तिला वेगळी वाट द्यावी लागते. आठवड्यातून एकदा-दोनदा, न पळण्याच्या दिवशी, मोकळ्या मैदानात १० मीटरची दोरी घ्या. ती हार्नेसलाच लावायची, कमरेला नाही, आणि हातात मोजे घालायचे. फडक्यात चिकनचा तुकडा बांधून तो गवतावरून ३०-४० मीटर ओढत न्या, मध्ये एक वळण द्या, शेवटी थोडा खाऊ ठेवा. दहा मिनिटं थांबून कुत्र्याला सुरुवातीच्या जागेवर आणा, "शोध" म्हणा आणि त्याच्यामागे चाला. पुढच्या वेळी मागाची लांबी आणि थांबण्याचा वेळ वाढवा. अशी पंधरा मिनिटं त्याला दोन किलोमीटर पळण्याइतकी दमवतात, आणि पळण्याच्या दिवशी कुंपणाची ओढ कमी होते. नाकावर जगणाऱ्या कुत्र्याला फक्त पळवत राहिलं तर तो अधिक पळू लागतो, हुंगायचं सोडत नाही.

ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या अडचणी

उन्हाळ्यात एक तिढा असतो. पळायला बरी वेळ म्हणजे सूर्योदयाच्या आधीची, पण थंड, दमट जमिनीवर वास सगळ्यात जास्त टिकतो तोही तेव्हाच. तरी पहाटच निवडा आणि सुरुवातीची हुंगण्याची वेळ १२ ऐवजी १५ मिनिटं करा. संध्याकाळी सातला हवा बरी वाटली तरी डांबर तापलेलं असतं: तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही टेकू नयेत. मुंबई-कोकणात तापमान कमी दिसलं तरी दमटपणामुळे धापा टाकून अंग थंड होत नाही. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणं, चिकट लाळ, लाल भडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ च्या वर जिवाला धोका. आधी नळाचं पाणी अंगभर ओतून वारा घाला, मग डॉक्टरकडे न्या. क्रम उलटा करू नका.

पावसाळ्यात रिमझिमीने वास ताजे होतात, मुसळधारेने धुऊन जातात. त्यामुळे मोठी सर थांबल्यावर लगेच निघणं फायद्याचं. साचलेल्या डबक्यात आणि गटाराच्या कडेला नाक घालू देऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही होतो. त्याची लस दर वर्षी द्यावी लागते. टेकडीवर गवत गुडघ्याएवढं वाढलं की पायवाट सोडू नका. घोणस, फुरसं बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर चावतं, कारण आधी नाकच तिथे पोहोचलेलं असतं. चावा बांधू नका, कापू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. सर्पविषावरचं औषध जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे हे जून महिन्यातच फोन करून विचारून ठेवा.

दिवाळीच्या सुमारास टेकड्यांवरचं कुसळी गवत वाळतं. वासामागे गवतात घुसलेल्या कुत्र्याच्या नाकात कुसळ जातं: एकदम लागोपाठ शिंका, पंजाने नाक चोळणं, एकाच नाकपुडीतून रक्त. कुसळाला उलटे केस असतात, ते आतच सरकत जातं, म्हणून चिमट्याने घरी कोरत बसू नका. भूल देऊन दुर्बिणीतून काढावं लागतं. ऑक्टोबरपासून गवत काळं पडून झडेपर्यंत माळ सोडून रस्त्यावर पळा. घरी आल्यावर कान, बोटांच्या फटी आणि काखा चाचपा.

थंडीत पहाटे अंधार जास्त वेळ असतो. आरे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्या, जुन्नर-आंबेगावचा उसाचा पट्टा अशा ठिकाणी उजाडल्याशिवाय कुत्रा घेऊन निघू नका. बिबट्याच्या खाण्यात कुत्रा असतो, आणि दोरीचं दुसरं टोक तुमच्या कमरेला असतं.

आणि भाद्रपद

नर बीगल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकाएकी सगळं विसरल्यासारखा वागू लागला, दर खांबावर पाय वर करू लागला, दात कटकटवत हवा चाटू लागला, जेवणही सोडलं, तर शिकवणी बिघडलेली नाही. गल्लीतल्या कुत्र्या माजावर आहेत. भाद्रपदाचा आणि कुत्र्यांचा संबंध आपल्याकडे म्हणीत जाऊन बसलाय तो उगाच नाही. या आठवड्यांत पल्ले ३०-४५ सेकंदांवर आणा, भटक्या कुत्र्यांची हद्द टाळणारी बंद फेरी निवडा आणि सुरक्षा-पट्टा न विसरता लावा, कारण हार्नेसमधून निसटण्याच्या घटना याच दिवसांत होतात. नसबंदी केलेल्या नरात भटकण्याची आणि जागोजागी मुतण्याची ओढ बहुतेकदा कमी होते. उंदीर, मुंगूस आणि कोंबडीच्या हाडांची होत नाही. मादी माजावर असेल तर तिला सुमारे तीन आठवडे बाहेर पळवू नका. शी-शूपुरतं आखूड दोरीने न्या, आणि तेवढे दिवस घरातच टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून नाकाला काम द्या.